वितळल्याशिवाय झालेली काच

"सर, लोणार म्हणजे विझलेला ज्वालामुखीच ना?"

हा प्रश्न मला दर वर्षी ऐकू येतो, आणि तो मला कधीच बाळबोध वाटला नाही. मराठवाड्यात बहुतेक ठिकाणी विहीर खणा, काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, लागतो. तो लाव्हाचाच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. अशा दगडात पावणेदोन किलोमीटर रुंदीचा गोल खड्डा दिसला की ज्वालामुखीचं तोंड आठवणारच. जालन्याहून मंठ्यामार्गे दोनेक तासांत माणूस त्या खड्ड्याच्या काठावर पोचतो, पण काठावर उभं राहून या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.

यंदा आमच्या बी.एस्सी.च्या अकरा मुलामुलींना ग्रहविज्ञानाच्या एका कार्यशाळेत भाग घेता आला. चंद्राच्या आणि मंगळाच्या खडकांवर रोज काम करणारी माणसं तिथं आली होती. अशा ठिकाणी कॉलेजच्या मुलांच्या वाट्याला खुर्च्या लावणं, पाहुण्यांना गुच्छ देणं आणि शेवटी प्रमाणपत्र एवढंच येतं. इथं पहिल्याच दुपारी त्यांच्यासमोर सूक्ष्मदर्शक आले आणि मोजणीचं खरं काम आलं. ज्वालामुखीच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी त्या सूक्ष्मदर्शकातच पाहिलं.

दगड घासून घासून ०.०३ मिलीमीटर जाडीचा केला की त्यातून उजेड पलीकडे जातो. काचपट्टीवर चिकटवलेल्या या कापाच्या खाली एक आणि वर एक असे दोन पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेनं कंप पावणारा प्रकाश सोडणाऱ्या चकत्या, असतात, एकमेकांशी काटकोनात. मध्ये काहीच नसेल तर खालच्यातून आलेला प्रकाश वरचा अडवतो आणि सगळं काळं दिसतं. मध्ये स्फटिक आला की चित्र बदलतं. स्फटिकात अणूंच्या रांगा असतात, आणि बहुतेक खनिजांत प्रकाशाचा वेग रांगेच्या दिशेप्रमाणे बदलतो. एका किरणाचे दोन होतात, एक पुढे, एक मागे. ते बाहेर पडून पुन्हा एकत्र आले की त्यातला काही भाग वरच्या पोलरायझरमधून निसटतो, आणि काळ्या पार्श्वभूमीवर स्फटिक उजळतो. स्टेज, म्हणजे काप ठेवायची गोल बैठक, फिरवत राहिलं तर एका फेरीत तो चार वेळा विझतो आणि चार वेळा पेटतो.

आपल्या विहिरीतल्या पाषाणाचा काप असा पाहिला की करड्या-पांढऱ्या लांबट काड्यांचं जाळं दिसतं. एकेका काडीवर काळे-पांढरे पट्टे असतात. हे प्लॅजिओक्लेज नावाचं खनिज. मधल्या जागेत पायरॉक्सिन नावाचं रंगीत खनिज आणि लोह-टायटॅनियमचे काळे ठिपके.

मग लोणारचा काप आला. काड्या तशाच, कडा तशाच सरळ. स्टेज फिरवली. मंठा तालुक्यातली एक मुलगी म्हणाली, "सर, हे तर काळंच राहायलंय." पुन्हा फिरवली, पूर्ण फेरी. काळंच. शेजारचं पायरॉक्सिन मात्र उजळत होतं, फक्त तडकलेलं आणि विस्कटलेलं.

त्या काडीचा आकार स्फटिकाचा होता, पण आत स्फटिक उरला नव्हता. अणूंच्या रांगा मोडल्या होत्या; कुठल्याही दिशेनं प्रकाशाला वेग एकच, म्हणून तो दोन किरणांत फुटत नव्हता. अशा पदार्थाला आपण काच म्हणतो. पण नेहमीची काच वितळून होते, आणि वितळलेलं वाहतं, गोल होतं, बुडबुडे धरतं. इथं काडीची कडसुद्धा हललेली नव्हती. या काचेचं नाव मॅस्केलिनाइट.

ती कशी होते, ते मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. अशनी, म्हणजे अवकाशातून येणारा दगड, सेकंदाला काही किलोमीटर वेगानं आदळतो, तेव्हा खडकातून आघातलाट धावते. दाब क्षणार्धात ३० गिगापास्कलच्या आसपास जातो, म्हणजे हवेच्या दाबाच्या तीन लाख पट. प्लॅजिओक्लेजमध्ये सिलिकॉन आणि ॲल्युमिनियमभोवती चार-चार ऑक्सिजन असलेल्या चौफलकांची तिन्ही दिशांना जोडलेली जाळी असते, आणि जाळीत पोकळी बरीच. दाबाखाली ती पोकळी ढासळते. चारच्या जागी सहा ऑक्सिजन जवळ ओढले जाऊ पाहतात. पण नव्या रांगा लावायला अणूंना सवड मिळत नाही, कारण तेवढ्यात लाट पुढे गेलेली असते. दाब उतरतो, जोडण्या चारावर येतात, पण जिथं सापडतील तिथं. गोंधळ तसाच गोठतो. पायरॉक्सिनमध्ये मात्र साखळ्या घट्ट रचलेल्या असतात. त्याची घनता पाण्याच्या ३.३ पटीच्या आसपास, प्लॅजिओक्लेजची २.७ पट. दाबायला पोकळीच कमी, म्हणून त्याच तडाख्यात ते तडकतं, पण काच होत नाही. एकाच दगडात एक खनिज गेलं आणि शेजारचं टिकलं, यावरून किती दाब आला असेल याचा अंदाज बांधता येतो.

ज्वालामुखीच्या आवाक्यात हा दाब येत नाही. पृथ्वीच्या पोटात तो हवा असेल तर सुमारे ८०० किलोमीटर खाली जावं लागेल. एका मुलानं विचारलं, "विहिरीच्या सुरुंगानं होईल का अशी काच?" पाहुणे शास्त्रज्ञ या प्रश्नावर खूश झाले. सुरुंगातल्या स्फोटकांचा दाब फार तर दहा-पंधरा गिगापास्कलच्या घरात जातो, तोही अगदी चिकटलेल्या दगडापुरता. खडक फुटतो, पण त्याची काच होत नाही. लोणारच्या खडकात मॅस्केलिनाइट असल्याचं १९७३ साली प्रसिद्ध झालं, आणि ज्वालामुखीचा वाद तिथं निकालात निघाला. खड्ड्याच्या वयावर मतं वेगळी आहेत: एका पद्धतीनं ५० हजार वर्षांच्या आसपास, दुसरीनं साडेपाच लाखांच्या वर.

या काचेचा पहिला पत्ता भारतातलाच. २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमधल्या शेरघाटीला एक अशनी पडला. त्यात १८७२ साली ऑस्ट्रियाचे खनिजशास्त्रज्ञ चेरमाक यांना ही काच सापडली आणि त्यांनी ब्रिटिश खनिजशास्त्रज्ञ मॅस्केलिन यांचं नाव तिला दिलं. पुढं अंटार्क्टिकात त्याच जातीचा अशनी मिळाला. त्यातल्या काचेत अडकलेला वायू १९७६ साली मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग यानांनी मोजलेल्या मंगळाच्या हवेशी जुळला. म्हणजे शेरघाटीचा दगडही मंगळाचाच. मंगळाचं कवच बहुतांशी बेसॉल्टचं, आणि पृथ्वीवर बेसॉल्टमधली आघातविवरं मोजकीच. म्हणून लोणारची किंमत एवढी. (तिथून दगड उचलून आणू नका. ते अभयारण्य आहे. आम्ही पाहिलेले काप जुन्या संग्रहातले होते.)

दुसऱ्या दिवशी एक मुलगा गावाकडची "उल्का" घेऊन आला. घरच्यांनी ती देवघरात ठेवली होती, आणि कुणीतरी तिच्यासाठी मोठी रक्कम देऊ केली होती. जड, काळी, चुंबकाला चिकटणारी, पण बुडबुड्यांच्या भोकांनी भरलेली. अशनीत अशी भोकं क्वचितच असतात. जालन्याच्या पोलाद भट्ट्यांतला स्लॅग, म्हणजे धातू वितळवताना उरणारा मळ, अगदी असा दिसतो, आणि तो स्लॅगच निघाला. असे तुकडे ग्रहदोष घालवणारे म्हणून विकले जातात आणि गरीब माणूस त्यात पैसे घालवतो, याचा मला मनापासून राग येतो. शंका आली तर जवळच्या भूशास्त्र विभागात दाखवा.

मोजणी अशी होती: प्रत्येक कापावर ३०० बिंदू, आणि प्रत्येक बिंदूखाली काय आहे त्याची नोंद. पहिल्या तासाला मुलांचे मॅस्केलिनाइटचे आकडे भलतेच फुगले. कापातलं भोकही काळंच राहतं, चिकटवायचा रेझिनही, आणि लोह-टायटॅनियमचे दाणे तर काळेच असतात. वरचा पोलरायझर बाजूला सरकवून पाहिलं की फरक कळतो: दाणा तरीही काळा, रेझिन नितळ आणि बिनआकाराचा, मॅस्केलिनाइट नितळ पण काडीच्या आकाराचं. हे लक्षात आल्यावर सगळ्यांनी आधीचे कागद बाजूला ठेवले आणि पहिल्या बिंदूपासून सुरुवात केली.

मंठ्याच्या मुलीला एक काडी अशी सापडली की अर्धी उजळते, अर्धी विझलेलीच राहते. ती कुठल्या रकान्यात लिहायची, असं तिनं विचारलं. शास्त्रज्ञ बाई उठून आल्या, स्वतः स्टेज फिरवली, आणि म्हणाल्या, "तिसरा रकाना कर." संध्याकाळपर्यंत त्या रकान्यात सतरा खुणा झाल्या होत्या.