आंतरतारकीय द्रव्य

ताऱ्यांच्या दरम्यानच्या अवकाशात विखुरलेला वायू व धूळ यांना मिळून ही संज्ञा लावतात. काही लेखक विश्वकिरण (अवकाशातील अतिवेगवान विद्युत् भारित कण) व चुंबकीय क्षेत्र यांचाही तीत समावेश करतात. प्रस्तुत नोंदीत त्यांचा उल्लेख गरजेपुरताच येईल. वस्तुमानाच्या दृष्टीने या द्रव्यात सु. ७० टक्के हायड्रोजन, २८ टक्के हीलियम व उरलेल्या अल्प भागात इतर सर्व मूलद्रव्ये असतात. धुळीचे वस्तुमान वायूच्या साधारण शंभराव्या हिश्शाइतके भरते. सरासरी घनता दर घ. सेंमी. मध्ये एक अणू अशी सांगण्याचा प्रघात आहे, पण या सरासरीला फारसा अर्थ नाही. तप्त, विरळ भागांत हा आकडा हजारांश इतका खाली येतो, तर रेणुमेघांच्या (मुख्यतः रेणुरूप हायड्रोजनच्या थंड, दाट मेघांच्या) गाभ्यात तो दहा लाखांवर जाऊ शकतो.

शोधाचे श्रेय सामान्यतः योहानेस हार्टमान यांना देतात. मृग नक्षत्रातील बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी पश्चिमेकडचा डेल्टा ओरायनिस हा तारा युग्मतारा (एकमेकांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांची जोडी) आहे. त्याच्या वर्णपटातील इतर रेषा कक्षीय गतीमुळे मागेपुढे सरकतात, मात्र कॅल्शियमची ३९३·४ नॅनोमीटरची रेषा जागची हलत नाही, असे त्यांना १९०४ मध्ये आढळले. हा वायू ताऱ्याभोवतीचा की वाटेतला, यावर पुढे दोन दशके मतभेद राहिले. तारा जितका दूर, तितकी रेषा ठळक, असे ऑटो स्ट्रूव्हे यांच्या मोजमापांतून दिसल्यावर दुसरे मत बळावले. धुळीचा निर्णायक पुरावा रॉबर्ट ट्रम्प्लर यांनी १९३० मध्ये तारकागुच्छांच्या अभ्यासातून दिला. विल्यम हर्शेल यांना आकाशातली भोके वाटलेले काळे डाग म्हणजे प्रत्यक्षात धुळीचे मेघच होत.

हे द्रव्य ऊष्मागतिकीय समतोलात नसते. त्यामुळे ताऱ्यांच्या वातावरणाला लागू पडणारे, तापमान व दाब यांवरून आयनीभवनाचे प्रमाण देणारे साहा समीकरण येथे सरळ वापरता येत नाही. टकरी इतक्या क्वचित होतात की, प्रयोगशाळेत दडपली जाणारी, अणूच्या ऊर्जापातळ्यांमधील संक्रमणेही येथे निवांतपणे पार पडतात. उदासीन हायड्रोजनची २१ सेंमी. रेषा ज्या संक्रमणातून निघते, ते आपोआप घडण्यास एका अणूला सरासरी सु. १·१ कोटी वर्षे लागतात. तरीही व्हान डी हुल्स्ट यांनी १९४४ मध्ये वर्तविलेली ही रेषा १९५१ मध्ये सापडली, कारण अणूंची संख्याच अफाट आहे.

हायड्रोजन रेणूची निर्मिती हा येथील रसायनशास्त्राचा पाया आहे. दोन अणू जोडले गेले की सु. ४·५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा बाहेर टाकावी लागते. रेणू सममित असल्याने त्याला द्विध्रुव परिबल (विद्युत् भारांची असमान विभागणी) नसते, म्हणून ती प्रारणाच्या रूपाने पुरेशा त्वरेने जात नाही. आणि ती वाहून नेणारा तिसरा कण एवढ्या विरळ वायूत जवळपास नसतो. तिसऱ्या कणाचे काम धूलिकण करतो. मात्र स्वच्छ, स्फटिकी पृष्ठभागांवरील प्रयोगांत ही क्रिया तापमानाच्या फार अरुंद पट्ट्यातच कार्यक्षम ठरली. खडबडीत पृष्ठभागावर व अणू रासायनिक बंधाने चिकटत असल्यास ही मर्यादा सैल होते; सध्या हेच स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते. अवकाशातील या रेणूचे पहिले निरीक्षण १९७० मध्ये जॉर्ज कॅरुथर्स यांनी अग्निबाणावरील जंबुपार उपकरणाने केले.

पुढील विक्रिया मुख्यतः आयन व रेणू यांच्यात होतात. विश्वकिरणांनी आयनीभूत झालेला हायड्रोजन रेणू दुसऱ्या रेणूशी विक्रिया करून तीन अणूंचा धन आयन बनवितो. हा आयन भेटेल त्याला प्रोटॉन देतो आणि त्यातून पाणी, हायड्रॉक्सिल इत्यादींकडे जाणाऱ्या साखळ्या सुरू होतात. हर्ब्स्ट व क्लेम्पेरर यांनी १९७३ मध्ये ही योजना तपशिलाने मांडली. खुद्द तो आयन आंतरतारकीय मेघात दिसायला १९९६ साल उजाडले. १९७० मध्ये रेडिओ वर्णपटात सापडलेल्या एका अनोळखी रेषेला ‘एक्स-ओजेन’ असे कामचलाऊ नाव दिले होते. ती प्रोटॉनयुक्त कार्बन मोनॉक्साइडची निघाली. सायनोजेन मूलकाच्या (कार्बन व नायट्रोजन यांच्या एकेका अणूच्या जोडीच्या) रेषांवरून मॅकेलर यांनी १९४१ मध्ये काढलेले २·३ केल्विन तापमान मात्र बराच काळ निव्वळ नोंद म्हणून पडून राहिले. ते वैश्विक पार्श्वप्रारणाचे (विश्वाच्या आरंभकाळापासून सर्वत्र उरलेल्या प्रारणाचे) लक्षण असल्याचे १९६५ नंतर उमगले.

विसरित शोषणपट्टे : आंतरतारकीय द्रव्याने ताऱ्यांचा प्रकाश शोषल्याने वर्णपटात उमटणाऱ्या रुंद, पुसट रेषांना हे नाव आहे. मेरी ली हेगर यांनी लिक वेधशाळेत ५७८·० व ५७९·७ नॅनोमीटरचे दोन रुंदट पट्टे पाहिले आणि १९२२ मध्ये ते प्रसिद्ध केले. आज असे पाचशेहून अधिक पट्टे ज्ञात आहेत व बहुतेकांचे वाहक (ते निर्माण करणारे पदार्थ) अनिर्णित आहेत. प्रारंभी धूलिकणांतील अशुद्धींना पसंती होती. परंतु धुळीमुळे अपेक्षित असलेले ध्रुवण (प्रकाशलहरींचे ठराविक दिशेतच कंपन) या पट्ट्यांत आढळत नाही. शिवाय ६६१·४ नॅनोमीटरच्या पट्ट्यात रेणूच्या परिवलनाशी जुळणारी सूक्ष्म रचना दिसते. त्यामुळे वाहक वायुरूप, बहुधा कार्बनी रेणू असावेत, असे मत स्थिरावले आहे. बहुवलयी ॲरोमॅटिक हायड्रोकार्बने (कार्बन अणूंची जोडलेली वलये असलेली संयुगे) हे लोकप्रिय उत्तर आहे. पण अवरक्त उत्सर्जनावरून त्यांचे अस्तित्व पटत असले, तरी एकेका पट्ट्याशी विशिष्ट रेणू जुळविणे वेगळे. सात कार्बनांच्या ऋण आयनाचा १९९८ मधील दावा अधिक काटेकोर निरीक्षणांपुढे टिकला नाही.

सर्वमान्य म्हणता येईल अशी ओळख एकाच वाहकाची पटली आहे : साठ कार्बनांच्या फुलरिनचा (पोकळ, चेंडूसारख्या कार्बन रेणूचा) धन आयन. फ्वांग व एहरेनफ्रॉइंड यांनी १९९४ मध्ये ९५७·७ व ९६३·२ नॅनोमीटरच्या पट्ट्यांशी त्याचा संबंध सुचविला. त्या वेळी हाताशी असलेली मोजमापे गोठविलेल्या निऑनमधील होती आणि तेथे तरंगलांबी किंचित सरकते, म्हणून शंका राहिली. बाझेल येथील गटाने २०१५ मध्ये अतिशीत वायुरूप आयनावर मोजमाप करून ती बव्हंशी मिटविली. हबल दूरदर्शकाच्या २०१९ मधील निरीक्षणांनी दुर्बल पट्ट्यांनाही दुजोरा दिला. हेगर यांचे मूळ दोन पट्टे मात्र ओळख पटलेल्या या पट्ट्यांत येत नाहीत.

तप्त घटक : सु. दहा लाख केल्विनच्या विरळ वायूचे भाकीत लायमन स्पिट्झर यांनी १९५६ मध्ये केले होते. १९७२ मध्ये सोडलेल्या कोपर्निकस उपग्रहाला पाच वेळा आयनीभूत झालेल्या ऑक्सिजनच्या जंबुपार रेषा दिसल्या. या रेषा देणारा वायू त्याहून काहीसा थंड, सु. तीन लाख केल्विनचा असतो.