कृत्रिम बुद्धिमत्तानिर्मित आशय : नीती व डिजिटल नागरिकत्व

माणसाने दिलेल्या सूचनेवरून यंत्राने तयार केलेला मजकूर, चित्र, आवाज किंवा चित्रफीत म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तानिर्मित (एआयनिर्मित) आशय. तो तयार करताना, प्रसिद्ध करताना, पुढे पाठवताना आणि वाचताना उचित काय व अनुचित काय, हा या नोंदीचा विषय. बनावट छायाचित्रे आणि खोटी पत्रे जुनीच आहेत. पण ती करायला पूर्वी कसब लागे, वेळ लागे. 2014 मध्ये इयन गुडफेलो आणि सहकाऱ्यांनी ‘जनरेटिव्ह ॲडव्हर्सरियल नेटवर्क’ ही खरीखुरी वाटणारी चित्रे यंत्राकडून करवून घेण्याची पद्धत मांडली, 2017 मध्ये ‘डीपफेक’ (खऱ्या माणसाचा चेहरा किंवा आवाज वापरून यंत्राने केलेली बनावट चित्रफीत वा ध्वनिफीत) हा शब्द पुढे आला आणि नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले. अवघ्या आठ वर्षांत प्रयोगशाळेतले काम कोणाच्याही मोबाइलवर येऊन पोहोचले. संपादकाने पाळायची पथ्ये त्यामुळे आता फॉरवर्ड करणाऱ्यालाही लागू होतात.

सार्वजनिक चर्चा बहुतेक वेळा ‘हे यंत्राने लिहिले की माणसाने?’ या प्रश्नाशी घुटमळते. नीतीच्या दृष्टीने त्याहून कळीचा प्रश्न आहे तो याचा जाब कोणाला विचारायचा, हा. न्यूयॉर्कमधील ‘माटा विरुद्ध एव्हिआंका’ हा 2023 मधला खटला या बाबतीत नेहमी सांगितला जातो. एका प्रवाशाने विमान कंपनीवर लावलेला नुकसानभरपाईचा हा साधा दावा. त्याच्या वकिलांनी न्यायालयात जे निवेदन दिले त्यातले सहा निवाडे कधी झालेच नव्हते. ते चॅटजीपीटीने रचलेले होते. प्रतिपक्षाला ते कुठे सापडेनात. न्यायालयाने प्रती मागितल्या, तेव्हा वकिलांनी त्याच चॅटबॉटकडून निकालपत्रांचे उतारे घेतले आणि तेही दाखल केले. त्यांच्यापैकी एकाने ‘हे निवाडे खरे आहेत ना?’ असे विचारलेही होते, पण विचारले ते चॅटबॉटलाच, आणि उत्तर अर्थातच ‘हो’ असे आले. न्यायाधीश केव्हिन कॅस्टल यांनी 5,000 डॉलर दंड ठोठावला. विश्वासार्ह एआय साधनाची मदत घेण्यात मुळात काही गैर नाही, असे निकालपत्रात स्पष्ट म्हटले आहे. ठपका ठेवला तो न तपासता दाखल केल्याचा आणि शंका उपस्थित झाल्यावरही बनावट निवाड्यांना चिकटून राहिल्याचा.

यंत्र असे का करते, हे समजून घेतले पाहिजे. भाषिक प्रारूप, म्हणजे चॅटजीपीटीसारख्या साधनामागची यंत्रणा, पुढे कोणता शब्द येण्याचा संभव जास्त आहे याचा अंदाज बांधत वाक्य रचते. निवाड्याचे नाव, वर्ष, खंड, पान यांची घडण त्याला पाठ असते, आणि त्या साच्यात बसणारे खोटे नावही ते तितक्याच सफाईने लिहिते. मजकूर सफाईदार आहे म्हणून तो खरा मानायचा, ही वाचकाची जुनी सवय इथे निरुपयोगी ठरते. ‘कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स’ या संस्थेने फेब्रुवारी 2023 मध्ये एआय साधनाला शोधनिबंधाचे लेखकत्व देता येत नाही अशी भूमिका घेतली, तीही याच कारणाने: साधन मजकुराची जबाबदारी घेऊ शकत नाही.

दुसरा मोठा प्रश्न संमतीचा. डीपफेक म्हटले की राजकीय नेत्यांच्या चित्रफिती आठवतात. प्रत्यक्षात डीपट्रेस या कंपनीला 2019 मध्ये ऑनलाइन आढळलेल्या डीपफेक चित्रफितींपैकी 96 टक्के संमतीविना केलेल्या अश्लील चित्रफिती होत्या, आणि त्यांतल्या व्यक्ती स्त्रिया होत्या. ‘खोटेच तर आहे’ हा बचाव इथे टिकत नाही, कारण चेहरा खरा असतो आणि बदनामीही खरी. अमेरिकेत मे 2025 मध्ये ‘टेक इट डाउन’ कायदा झाला. त्यानुसार अशी खासगी चित्रे, एआयने बनवलेली असली तरी, पीडित व्यक्तीने कळवल्यापासून 48 तासांत हटवणे समाजमाध्यमांवर बंधनकारक आहे. पाहणारा आणि पुढे ढकलणारा मात्र कायद्याच्या हाती क्वचितच लागतो. तिथे नागरिकाच्या विवेकावरच भिस्त राहते.

फसवणुकीची तऱ्हा निराळी. 2024 च्या सुरुवातीस हाँगकाँगमध्ये अरुप या अभियांत्रिकी कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने व्हिडिओ बैठकीतल्या वरिष्ठांच्या सांगण्यावरून सुमारे 20 कोटी हाँगकाँग डॉलर वेगवेगळ्या खात्यांत भरले. बैठकीतले ते सहकारी डीपफेक होते. अशा वेळी पडद्यावरचा चेहरा निरखण्यात अर्थ नसतो. आधीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर उलट फोन करून खात्री करणे हाच भरवशाचा मार्ग.

उपाय म्हणून सर्वांत आधी सुचते ते लेबल. युरोपीय संघाचा एआय कायदा 1 ऑगस्ट 2024 रोजी अमलात आला. त्याच्या 50 व्या कलमात डीपफेक कृत्रिम असल्याचे उघड करण्याचे बंधन आहे. चीनने 1 सप्टेंबर 2025 पासून दिसणारी खूण आणि फाइलच्या मेटाडेटात (फाइलसोबत साठवलेल्या तिच्याविषयीच्या माहितीत) दडलेली खूण अशी दोन्ही सक्तीची केली. 2021 मध्ये अडोबी, मायक्रोसॉफ्ट, बीबीसी आदींनी स्थापन केलेल्या सीटूपीए या गटाने उलट दिशेने विचार केला: खोट्यावर शिक्का मारण्याऐवजी, चित्र कोणत्या साधनाने तयार झाले आणि त्यात काय बदल केले गेले याची डिजिटल स्वाक्षरी केलेली नोंद फाइलसोबतच ठेवायची. कल्पना चांगली, पण एक साधा स्क्रीनशॉट घेतला की ही नोंद गळून पडते. शिवाय लेबलाचा एक उलटा परिणामही संशोधकांनी दाखवला आहे. काही मजकुरांवर इशारा असला की ज्यावर इशारा नाही ते सगळे तपासलेलेच असणार, असा लोकांचा समज होतो.

ओळखणाऱ्या साधनांची गत तर आणखी वाईट. ओपनएआयने जानेवारी 2023 मध्ये एआयचा मजकूर हुडकणारे साधन आणले. कंपनीच्याच चाचणीत त्याला अशा मजकुरापैकी केवळ 26 टक्के ओळखता आला, आणि माणसाने लिहिलेला 9 टक्के मजकूर त्याने एआयचा ठरवला. सहा महिन्यांत ते मागे घेतले गेले. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांना असे आढळले की, इंग्रजी मातृभाषा नसलेल्या परीक्षार्थींनी लिहिलेल्या टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतील निबंधांपैकी निम्म्याहून अधिक निबंध अशी साधने यंत्राचे म्हणून दाखवतात. साधा शब्दसंग्रह, सरळ वाक्ये, एवढाच त्या लेखकांचा गुन्हा. केवळ अशा साधनाच्या आकड्यावरून विद्यार्थ्यावर कॉपीचा आळ घेणे म्हणूनच अन्यायाचे आहे. कच्चे मसुदे पाहणे आणि विषयावर समोरासमोर चार प्रश्न विचारणे यांतून अधिक कळते.

खोट्यावर विश्वास बसणे हा धोका सर्वांना दिसतो. खऱ्यावरचा विश्वास उडणे हा त्याहून खोल धोका आहे. रॉबर्ट चेस्नी आणि डॅनिएल सिट्रॉन या कायद्याच्या अभ्यासकांनी त्याला ‘खोटारड्याचा लाभांश’ म्हटले: सगळे काही बनावट असू शकते हे लोकांच्या मनात एकदा ठसले की, खऱ्या ध्वनिफितीत पकडला गेलेला माणूसही ‘हे एआयचे आहे’ म्हणून हात झटकतो. तेव्हा ‘कशावरच विश्वास ठेवू नका’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला हुशारीचा वाटला, तरी तो अशा माणसाच्याच पथ्यावर पडतो.

वाचकाने काय करावे, याबाबत तथ्यपडताळणी करणाऱ्यांचा रिवाज उपयोगी आहे. ते चित्रातली बोटे मोजत बसत नाहीत. तशा खुणा प्रत्येक नव्या आवृत्तीत पुसल्या जातात. ते पान सोडून बाहेर जातात: हेच चित्र आधी कुठे आले होते, मूळ कोणी टाकले, इतर विश्वासार्ह ठिकाणी याची बातमी आहे का. मे 2023 मध्ये पेंटागॉनजवळ स्फोट झाल्याचे बनावट चित्र पसरले आणि अमेरिकी शेअर बाजार काही मिनिटे घसरला. स्थानिक अग्निशमन दलाने असा कोणताही स्फोट झाला नसल्याचे कळवले आणि बाजार सावरला. संशय आला तरी थांबण्याऐवजी ‘खरे आहे का बघा’ असे लिहून तीच गोष्ट दहा गटांत टाकणारे पडताळणी करत नाहीत, प्रसारच करतात.

ज्यांच्या लेखनावर आणि चित्रांवर ही प्रारूपे घडवली गेली त्यांच्या हक्कांचा वाद अजून न्यायालयांत चालू आहे. अँथ्रॉपिक कंपनीविरुद्ध लेखकांनी लावलेल्या खटल्यात जून 2025 मध्ये अमेरिकी न्यायालयाने दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. पुस्तके वापरून प्रारूप घडवणे हा रास्त वापर (लेखकाच्या परवानगीशिवायही कायद्याला मान्य असलेला वापर) ठरला; चोरट्या संकेतस्थळांवरून पुस्तके उतरवून त्यांचा साठा करणे ठरले नाही. पुढे त्याच वर्षी कंपनीने दीड अब्ज डॉलरची तडजोड मान्य केली.