बाँदोल (रेड वाईन)

बाँदोल ही दक्षिण फ्रान्सच्या प्रोव्हान्समधली रेड वाईन, मार्सेय आणि तुलाँच्या मधल्या डोंगरउतारांवर होणारी. नाव बंदराचं, बागा मात्र बऱ्याचशा आतल्या ल कास्तले, ला कादिएर-दाझ्युर वगैरे गावांच्या हद्दीत. एकूण आठ गावं. याच नावाने रोझे (गुलाबी वाईन) आणि थोडी व्हाइटही निघते, खरं तर आज रोझेच कितीतरी जास्त बनते, पण इथे फक्त रेडबद्दल.

नामांकनाचा दर्जा, म्हणजे ठरलेल्या प्रदेशात ठरलेल्या नियमांनी केलेल्या वाईनलाच हे नाव लावायची कायदेशीर मुभा, १९४१ चा. रेडमध्ये निम्मं तरी मूर्वेद्र द्राक्ष हवं, बाकी मुख्यतः ग्रनाश आणि सँसो, उत्पादन हेक्टरी ४० हेक्टोलिटरच्या (४,००० लिटरच्या) आसपास रोखलेलं, आणि बाटलीत भरायच्या आधी वाईन किमान १८ महिने लाकडी पिंपात मुरलीच पाहिजे.

आता वादाचा मुद्दा म्हणजे मूर्वेद्र आलं कुठून. इ.स.पू. ६०० च्या सुमाराला ग्रीकांनी मार्सेय वसवलं तेव्हा इथे द्राक्षशेती आली असं साधारण मानतात, आणि तोच धागा ओढून हे द्राक्षही तेवढंच जुनं असं बरेच जण छापतात, काही तर फिनिशियनांपर्यंत, म्हणजे भूमध्य समुद्रावरच्या प्राचीन दर्यावर्दी व्यापाऱ्यांपर्यंत जातात. पण वाईन जुनी म्हणजे तिचं द्राक्षही तेच होतं असं होत नाही ना! हे द्राक्ष स्पेनमध्ये मोनास्त्रेल म्हणून ओळखलं जातं, तिथे ते आजही फ्रान्सपेक्षा खूप जास्त लावतात, आणि चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या कॅटलान लिखाणात हे नाव येतं. त्यामुळे ते स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरून बहुधा मध्ययुगाच्या अखेरीस किंवा नंतर इकडे आलं, हे मत जास्त पटण्यासारखं आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा ही मुळं खाणारी कीड आली आणि बागा गेल्या. उपाय म्हणजे अमेरिकन खुंटावर कलम, पण मूर्वेद्रचं कलम नीट जमेना, शिवाय ते पिकतं उशिरा आणि माल कमी देतं, मग शेतकऱ्यांनी भरघोस येणाऱ्या जाती लावल्या. ते परत आलं ते मुख्यतः दोमेन तांपिए या इथल्या वाईनरीचे ल्युसियाँ पेरो आणि त्यांच्या सोबतच्या बागायतदारांनी लावून धरलं म्हणून. १९४१ च्या नियमात मूर्वेद्रचा वाटा बराच कमी होता, तो टप्प्याटप्प्याने वाढवत निम्म्यावर नेला. म्हणजे आजची बाँदोलची चव प्राचीन वगैरे म्हणण्यापेक्षा विसाव्या शतकातली म्हणणं बरं.

जमीन चुनखडीची, उतारांवर दगडी बांध घालून केलेल्या पायऱ्या, त्यांना रेस्तांक म्हणतात. जाता जाता, आठांपैकीच एक गाव असलेल्या ल बोसेजवळ ट्रायासिक नावाच्या जुन्या भूगर्भीय काळातल्या खडकाच्या थरांचा तुकडा त्याच्यापेक्षा तरुण थरांच्या डोक्यावर बसलाय, आणि भूगर्भशास्त्रज्ञ मार्सेल बेर्त्रां यांनी १८८७ मध्ये त्याचा उलगडा केला म्हणून भूगर्भशास्त्रात ही जागा वाईनइतकीच प्रसिद्ध आहे. उन्हाळा लांब, ऊन भरपूर, उत्तरेकडून येणारा मिस्त्राल हा कोरडा वारा बागा कोरड्या ठेवतो आणि बुरशी कमी लागते, उशिरा पिकणाऱ्या द्राक्षाला हे सगळं हवंच असतं.

तरुण असताना ही वाईन तुरट आणि बंद बंद लागते, आणि मूर्वेद्रला हवा कमी मिळाली की गंधकासारखा वासही येतो, वाईन काचेच्या जगमध्ये ओतून तासदोन तास ठेवली की तो बहुतेकदा जातो. सात-आठ वर्षांनी काळ्या फळांच्या जोडीला चामडं, रानमशरूम, सुक्या वनस्पती असे वास येतात. जुन्या बाटलीत तळाला गाळ असतो, हलवू नये.

सोबत जेवायला तिथली ठरलेली जोडी म्हणजे दोब, वाईनमध्ये तासन्‌तास मंद आचेवर शिजवलेलं बीफ, नाहीतर लसूण-रोझमेरी लावून भाजलेली कोकराची तंगडी, हिवाळ्यात रानडुक्कर. मांसातल्या प्रथिनांनी आणि चरबीने तुरटपणा उतरतो. काळ्या ऑलिव्हची तापनाद (वाटलेली चटणी) ही चालते. मासे मात्र नकोत, धातूसारखी चव येते, तिथलेही बुइयाबेस या माशांच्या रश्शासोबत रोझे किंवा व्हाइटच घेतात. तिखट जेवणात तुरटपणा आणखी बोचतो. वाईन १६ ते १८ अंश सेल्सियसला द्यावी.