श्रीराम सिंग (८०० मीटर धावपटू)

श्रीराम सिंग हे ८०० मीटरचे भारतीय धावपटू, मूळचे राजस्थानचे आणि आर्मीत राजपुताना रायफल्समधले. म्युनिक १९७२, मॉन्ट्रिअल १९७६ आणि मॉस्को १९८० अशी तीन ऑलिंपिक पळाले, मेडल एकदाही नाही, पण मॉन्ट्रिअलची फायनल ज्याला माहितीये तो त्यांना विसरत नाही.

आधी ते ४०० मीटर पळायचे, कोच इलियास बाबर यांनी त्यांना ८०० कडे वळवलं. म्युनिकला हीटमध्येच, म्हणजे पहिल्या फेरीतच, बाहेर पडले. पुढं १९७४ ला तेहरान आणि १९७८ ला बँकॉक, दोन्ही एशियाडमध्ये ८०० चं गोल्ड त्यांचंच.

आता मॉन्ट्रिअल. फायनलला पोचले हेच मोठं होतं, पण पोचून मागं लपून पळणं त्यांनी केलं नाही, गन वाजल्यावर सरळ पुढं निघाले आणि पहिला लॅप ५०.८५ सेकंदात, सगळ्यात पुढं! क्युबाचा अल्बर्टो हुआन्तोरेना अगदी लगत होता. तो मुळात ४०० चा माणूस, त्याला फास्ट लॅप म्हणजे पर्वणीच, कारण रेस स्लो झाली की शेवटच्या शंभरात कोण कुठून येईल सांगता येत नाही. ऑलिंपिक फायनलला पेसमेकर, म्हणजे सुरुवातीला पुढं पळून इतरांना वेग लावून देणारा धावपटू, नसतो, ते काम इथं आपसूक श्रीराम सिंगांकडून झालं. दुसऱ्या लॅपमध्ये हुआन्तोरेना पुढं गेला आणि १:४३.५० चा वर्ल्ड रेकॉर्ड करून जिंकला, नंतर ४०० पण जिंकला. त्या फास्ट पेसचं श्रेय त्यानं श्रीराम सिंगांना दिलं होतं.

श्रीराम सिंग सातवे आले, टाइम १:४५.७७, तो एशियन रेकॉर्ड होता. नुसतं 'सातवा' वाचलं की काहीच कळत नाही खरंतर. भारतात हा टाइम तब्बल ४२ वर्षं कुणालाच मोडता आला नाही, मधल्या काळात ट्रॅक, शूज, ट्रेनिंग सगळं बदललं तरी! शेवटी जून २०१८ मध्ये गुवाहाटीला जिन्सन जॉन्सननं १:४५.६५ काढून तो मोडला, म्हणजे फरक फक्त ०.१२ सेकंदाचा.

मॉस्कोला ते सेमीफायनलपर्यंत गेले. अर्जुन पुरस्कार आणि पद्मश्री दोन्ही मिळालेत, आणि ते मॉन्ट्रिअलच्या आधीच.