एका वेलांटीचा फरक

३० जून २०२१ रोजी राष्ट्रपतींनी एक ऑर्डिनन्स काढला आणि त्याचा रोख होता ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांवर. कारखान्यांच्या कंपन्या करायचं केंद्राने ठरवलं होतं, कामगार संघटनांनी बेमुदत संपाचा इशारा दिला होता, आणि अत्यावश्यक संरक्षण सेवांमधल्या संपावर बंदी आणणारा वटहुकूम हा त्यावरचा सरकारी उतारा. खडकी, देहूरोड, अंबरनाथ, वरणगाव, भुसावळ, भंडाऱ्याच्या कामगारांना हे दोन शब्द एकाच बातमीत भेटले.

मराठीत घोळ व्हायचं कारण नाही. एक वटहुकूम, दुसरा दारूगोळा. कारखाना म्हणजे आयुध निर्माणी. इंग्रजीत मात्र सगळी भिस्त मधल्या एका 'आय'वर. घाईत बोलणारा तोच नेमका गिळतो.

खरं तर इंग्रजीतही हे दोन शब्द नव्हतेच. लॅटिनमध्ये 'ऑर्डो' म्हणजे रांग, ओळ. त्यावरून रांगेत लावणं, व्यवस्था लावणं. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला तो दोन्ही अर्थ घेऊन: फर्मान काढून लावलेली व्यवस्था आणि लढाईची तयारी. तयारीवरून तयारीचं सामान, आणि सामानात सगळ्यात बोजड ती तोफ! बराच काळ तोफेलाही 'आय' चालायचा. साधारण १७व्या शतकात वाटणी पक्की झाली. तोफखान्याने आखूड रूप घेतलं, फर्मानाकडे लांब राहिलं. (ऑर्डर आणि साहेबाच्या दारातला आपला अर्दली हे याच भाऊबंदकीतले.) ब्रिटनची नकाशे काढणारी संस्था आजही 'ऑर्डनन्स सर्व्हे' म्हणवते, कारण १७९१ मध्ये ते काम दारूगोळा खात्याकडे होतं.

भारतात तोफेचा शब्द आधी रुजला. ईस्ट इंडिया कंपनीने १७७५ मध्ये कोलकात्याच्या फोर्ट विल्यममध्ये ऑर्डनन्स बोर्डाला मान्यता दिली, १८०१ मध्ये काशीपूरला तोफगाड्यांचा कारखाना उभा राहिला, आणि खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. दुसरा शब्द १८६१ च्या कौन्सिल कायद्याने अधिकाराला आला: गव्हर्नर जनरलला सहा महिन्यांपुरते वटहुकूम काढायची मुभा मिळाली. तीच सोय पुढे राज्यघटनेत शिरली, राष्ट्रपतींसाठी कलम १२३ आणि राज्यपालांसाठी २१३. आणीबाणीचं हत्यार म्हणून आलेली ही सोय स्वतंत्र भारतातल्या सरकारांनीही फारशी जपून वापरलेली नाही, असं माझं मत. विद्यापीठाच्या नियमांनाही ऑर्डिनन्सच म्हणतात, त्यामुळे तिथल्या मुलांना मात्र हा शब्द ग्रेस मार्कांमुळे ठाऊक असतो, आणि त्यांना तो प्रियही असतो.

२०२१ च्या त्या वटहुकमाचा ऑगस्टमध्ये कायदा झाला. १ ऑक्टोबरला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड विसर्जित होऊन ४१ कारखाने सात कंपन्यांत विभागले गेले. त्यांतल्या म्युनिशन्स इंडियाचं मुख्यालय पुण्यात आहे. सातांपैकी एकाही कंपनीच्या नावात 'ऑर्डनन्स' नाही.