ज्वारीच्या दाण्याएवढी पृथ्वी

पृथ्वी ज्वारीच्या दाण्याएवढी, म्हणजे 4 मिलिमीटरची धरू. मग गुरू होतो साधारण साडेचार सेंटिमीटरचा आणि सूर्य 44 सेंटिमीटरचा, दाण्यापासून 47 मीटरवर. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी, याच मापात साडेबारा हजार किलोमीटर दूर जातो. खऱ्या पृथ्वीच्या आरपार बोगदा खणला तर तो जवळपास एवढाच लांब भरेल.

हुरड्याच्या दिवसांत रात्री मृगातला तांबूस काक्षी (बेटेलज्यूस) हा तारा ठळक दिसतो. पंचांगातली आर्द्रा ती हीच. आपल्या मापात त्याचा व्यास 300 मीटरच्या आसपास, म्हणजे देवगिरीचा 200 मीटरचा डोंगरही त्यापुढे ठेंगणा. काक्षी सूर्याच्या जागी आणला तर पृथ्वीच काय, मंगळाची कक्षाही त्याच्या पोटात जाईल.

आकारतुलनेचे व्हिडिओ बहुधा इथे संपतात, आणि खरी गंमत तिथेच राहून जाते. काक्षीत तीस कोटी सूर्य मावतील, पण त्याचं वस्तुमान सूर्याच्या फार तर पंधरा-वीस पट. सरासरी घनता काढली तर तो आपण श्वासात घेतो त्या हवेहून हजारो पट विरळ निघतो! गाभ्यातला हायड्रोजन संपला, गाभा आक्रसून तापला आणि बाहेरचे थर फुगत गेले. त्याला धड कडाही नाही, म्हणून त्याच्या व्यासाचे आकडे जुळत नाहीत.

व्याध ताऱ्याच्या जोडीदार ताऱ्याचं नेमकं उलटं. वस्तुमान सूर्याएवढं, आकार पृथ्वीहून किंचित लहान. आपल्या खेळात तोही ज्वारीचा दाणाच.

न्यूट्रॉन तारा, म्हणजे स्फोट झालेल्या मोठ्या ताऱ्याचा उरलेला घट्ट गाभा, त्याच्याही पुढचा. सूर्याहून जड, पण खरा व्यास अवघा 22-24 किलोमीटर. संभाजीनगरहून रस्त्याने निघालात तर वेरूळ यायच्या आत तारा संपलेला असेल. एवढ्याशा गोळ्याचं माप दुर्बिणीतून थेट घेता येत नाही. 17 ऑगस्ट 2017 रोजी असे दोन तारे एकमेकांवर आदळल्याच्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातच उठणारे तरंग, लायगो आणि व्हर्गो या वेधशाळांनी टिपल्या. आदळण्याआधी ते एकमेकांच्या ओढीने किती ताणले गेले, हे त्या लहरींत उमटलं होतं आणि त्यावरून त्रिज्येचा अंदाज बांधता आला. अशाच लहरी टिपण्यासाठी हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहणार आहे. तिची प्रत्येक भुजा 4 किलोमीटरची असेल.