गोळीबाराचा हुकूम आणि 'सद्भाव' या शब्दाचा गुंता

जालियनवाला बागेत १३ एप्रिल १९१९ रोजी गोळीबाराचा हुकूम कोणी दिला, याबद्दल कधीच वाद नव्हता. तो आपणच दिला, हे ब्रिगेडियर-जनरल डायरने सरकारी चौकशी समितीसमोर स्वतः सांगितले. ५० बंदूकधारी, सुमारे १० मिनिटे, १,६५० गोळ्या. सरकारी आकड्यानुसार ३७९ मृत. काँग्रेसच्या चौकशीने हा आकडा हजाराच्या आसपास धरला. वाद होता तो हुकुमाचा अधिकार त्याच्याकडे कुठून आला आणि तो कुठे संपत होता, याचा. शाळेच्या पुस्तकांत हा भाग येत नाही, म्हणून इथे तो जरा सविस्तर.

अमृतसरमध्ये लष्करी कायदा जाहीर झाला तो १५ एप्रिलला. म्हणजे १३ तारखेला तिथे १८९८ची फौजदारी प्रक्रिया संहिताच लागू होती. तिच्यातली रचना सरळ होती. जमाव पांगवायला सैन्याची मदत मागायची ती मॅजिस्ट्रेटने. पांगवायचे कसे हे लष्करी अधिकाऱ्याने ठरवायचे, पण बळ कमीत कमी वापरायचे आणि इजाही कमीत कमी करायची. सार्वजनिक सुरक्षितता उघडउघड धोक्यात असेल आणि मॅजिस्ट्रेटशी संपर्कच होऊ शकत नसेल, तरच कमिशनप्राप्त (लेफ्टनंट किंवा त्यावरच्या हुद्द्याच्या) अधिकाऱ्याला स्वतःहून पाऊल उचलता येई. प्रत्यक्षात मुलकी प्रशासनाने दोन दिवस आधीच शहर लष्कराच्या हवाली केले होते आणि बागेत जिल्ह्याचा मुलकी प्रमुख हजरच नव्हता. या कलमांत अख्खे शहर सोपवण्याची सोय नव्हती. एका जमावापुरती मदत मागण्याची होती. ब्रिगेडियर-जनरलइतकाच दोष त्या हवालीचाही आहे, असे मला वाटते. त्याची चर्चा मात्र फारशी होत नाही.

समितीतल्या बहुमताने दोन गोष्टींवर ठपका ठेवला: इशारा न देता गोळीबार सुरू केला आणि जमाव पळू लागल्यावरही तो चालू ठेवला. भारतीय सदस्यांनी वेगळा आणि जास्त कडक अहवाल लिहिला. शिक्षा काय झाली? हुद्दा गेला, नोकरी गेली. ना फौजदारी खटला, ना कोर्ट मार्शल. उलट १९२०मध्ये ब्रिटनच्या वरिष्ठ सभागृहाने १२९ विरुद्ध ८६ मतांनी त्याची बाजू घेतली.

खटल्याची वाट त्याआधीच अरुंद झाली होती. समितीसमोर पहिली साक्ष होण्यापूर्वीच, सप्टेंबर १९१९मध्ये, अधिकाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा मंजूर झाला. दंगलीच्या काळात 'सद्भावाने' आणि गरजेच्या वाजवी समजुतीने केलेल्या कृतीवर कारवाई नाही, असा त्याचा आशय. विरुद्ध सिद्ध होईपर्यंत हा सद्भाव गृहीत धरायचा.

सगळा गुंता या एका शब्दात आहे. रोजच्या मराठीत सद्भाव म्हणजे आपुलकी, चांगली इच्छा. कायद्यात तसे नाही, आणि कायद्यातही दोन अर्थ नांदतात. कायद्यांतल्या शब्दांचे सर्वसाधारण अर्थ सांगणाऱ्या १८९७च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमानुसार कृती प्रामाणिक असली की पुरे, मग त्यात निष्काळजीपणा झाला तरी चालेल. भारतीय दंड संहितेनुसार (आणि २०२४मध्ये तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेनुसारही) मात्र योग्य ती दक्षता आणि काळजी न घेता केलेल्या कृतीला सद्भावाची म्हणताच येत नाही. जमाव पांगवण्याच्या कलमांना हा दुसरा, कडक अर्थ लागतो. म्हणजे 'मला मनापासून तसे वाटले' एवढे सांगून अधिकाऱ्याची सुटका होत नाही. बाहेर जायच्या वाटा पाहिल्या का, इशारा दिला का, थांबायला हवे तेव्हा थांबला का, हे विचारावेच लागते.

सैनिकाचे काय? जो हुकूम पाळणे त्याला बंधनकारक होते तो पाळला, तर त्याच्याकडून गुन्हा घडला असे मानले जात नाही. बंधनकारक कोणता, हे मात्र त्याने त्या क्षणी ठरवायचे. २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरला गढवाली पलटणीच्या सैनिकांनी निःशस्त्र जमावावर गोळ्या झाडायला नकार दिला, तेव्हा त्यांच्यावर कोर्ट मार्शल झाले आणि पुढाकार घेणाऱ्या हवालदाराला जन्मठेप. त्याही आधी, १७७०मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनला ब्रिटिश सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या, तेव्हा कॅप्टनचा खटला सैनिकांपासून वेगळा चालला आणि त्याने हुकूम दिल्याचे सिद्ध न झाल्याने तो सुटला; दोन सैनिक मात्र दोषी ठरले.

स्वातंत्र्यानंतर जमाव पांगवण्याची ही कलमे जवळजवळ तशीच १९७३च्या संहितेत आली आणि १ जुलै २०२४पासून नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४८ ते १५१ म्हणून आहेत. सशस्त्र दलातल्या व्यक्तीवर खटल्यासाठी केंद्राची मंजुरी लागते, हेही कायम आहे. १९५८च्या सशस्त्र दल विशेषाधिकार कायद्याने (अफस्पा) 'अशांत' म्हणून जाहीर केलेल्या क्षेत्रांत हे कवच आणखी जाड केले. तिथे हवालदारासारखा बिगर-कमिशन अधिकारीही इशारा देऊन प्राणघातक बळ वापरू शकतो, आणि मंजुरीशिवाय दिवाणी दावासुद्धा नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९९७मध्ये हा कायदा वैध ठरवला, पण मंजुरीचा निर्णय न्यायालयात तपासता येईल असेही म्हटले. २०१२मध्ये मात्र, कृत्य कर्तव्य बजावताना झाले का, हे मंजुरी देणाऱ्यानेच ठरवायचे, असा कौल आला. मणिपूरमधल्या कथित बनावट चकमकींच्या २०१६च्या प्रकरणात संपूर्ण अभय असे काही नसते, हे न्यायालयाने स्पष्ट केले. ही तिन्ही वाक्ये एकत्र वाचली तर अडचण दिसते: अभय नाही, पण दार उघडायची किल्ली सरकारकडे. काळजी घेतली होती का, हा पुराव्याचा प्रश्न साक्षीदारांसमोर सुटायला हवा. इथे तो फायलीत सुटतो.

४ डिसेंबर २०२१ रोजी नागालँडमधल्या ओटिंगजवळ खाणीतून घरी परतणाऱ्या ६ मजुरांना सैन्याच्या तुकडीने मारले. नंतर संतप्त गावकऱ्यांशी झालेल्या झटापटीत आणखी ७ गावकरी आणि एक जवान मृत्युमुखी पडला. राज्याच्या विशेष पथकाने एका मेजरसह ३० जणांवर आरोपपत्र दाखल केले. २०२३मध्ये केंद्राने मंजुरी नाकारली. सप्टेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी कार्यवाही बंद केली. पुढे कधी मंजुरी मिळाली तर ती पुन्हा सुरू होऊ शकेल, एवढी वाट मोकळी ठेवून.